आठ नॉट जास्तीचे

अमेरिकेतल्या कुठल्याही मध्यम गावात हा माणूस सापडतो. निवृत्त इंजिनिअर, दंतवैद्य, नाहीतर शाळेत गणित शिकवणारा. खूण सोपी आहे: गाडी बाहेर बर्फात उभी आणि गॅरेजमध्ये विमानाचं शेपूट. पंख तळघरात असतात, आणि ते तिथून बाहेर कसे काढायचे याचा विचार नंतर होणार असतो.

कायदा त्याच्या बाजूनं आहे. विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसानं स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असेल, तर ते ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणून नोंदवता येतं. यात शिक्षण किती नि करमणूक किती, ते घरच्यांना विचारावं. आपल्या कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांना नोंदणीसाठी 2017 पर्यंत वाट पाहावी लागली. हा मात्र ऑरिगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं किट मागवतो, हजारो रिव्हेट ठोकतो, शेजाऱ्यांची झोप उडवतो आणि आठ-दहा वर्षांनी खरोखरच उडतो.

उडतो आणि वेडा होतो. कारण त्याचं विमान कंपनीनं सांगितलेल्या वेगापेक्षा आठ नॉट जास्त दाखवतं!

दुसऱ्याचं विमान जास्त वेग दाखवू लागलं तर यानं एका मिनिटात निदान केलं असतं. पण आपला तो बाब्या. इंजिनाची झाकणं आपण किती निगुतीनं बसवली, पंखांची कड कशी घासली, हे तो भेटेल त्याला ऐकवतो. मग एक दिवस मित्र पंखाला पंख लावून उडतो. मित्राचा काटा 150, याचा 158, आणि दोन्ही विमानं बरोबरीनं चाललेली. याचा निष्कर्ष तयार असतो: मित्राचं मीटर मंद आहे.

वेगाचं मीटर खरं तर वेग मोजतच नाही. समोरून नळीत घुसणाऱ्या हवेचा दाब आणि बाहेरच्या हवेचा स्थिर दाब यांतला फरक ते मोजतं. हा स्थिर दाब शेपटीकडच्या दोन्ही बाजूंच्या बारीक छिद्रांतून, नळीवाटे पॅनेलमागे येतो. वाटेत सांधा सैल असला की केबिनमधली हवा त्यात मिसळते. उडताना केबिनमधला दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो, म्हणून वेगही जास्त दिसतो आणि उंचीही. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे समुद्रसपाटीजवळ सुमारे 28 फूट, आणि 100 नॉटच्या वेगाला तीनेक नॉट. जमिनीवर सगळं ठीक दिसतं, कारण तिथं वाराच नसतो.

‘पण कंट्रोलर माझी उंची बरोबर सांगतो!’ हा त्याचा हुकमी एक्का. सांगणारच. कंट्रोलरला उंची पाठवणाऱ्या ट्रान्सपॉन्डरला ती कळवणारं यंत्रही त्याच गळक्या नळीवर बसलेलं असतं.

मग जीपीएस लावून चारी दिशांना उडून सरासरी काढली जाते. ती आठ नॉट कमी भरते. तो आधी जीपीएसवर संशय घेतो, मग वाऱ्यावर, मग तापमानावर. स्वतःच्या हातांवर सर्वांत शेवटी.

त्यातही त्याला पहिली शंका छिद्रांची येते, कारण ती स्वस्त असतात. व्हॅन्सच्या आराखड्यात स्थिर दाबाचं छिद्र म्हणजे मधली काडी काढून टाकलेला साधा पॉप रिव्हेट; किंमत चिल्लर. याला ते कसंसंच वाटतं. तो लेथवर घडवलेले, चकचकीत, पत्र्याशी सपाट बसणारे तुकडे आणतो. पण त्या बावळट रिव्हेटचं फुगीर डोकं हवेला जरा उचलून नेतं, आणि मूळ विमानाचे आकडे त्या फुगवट्यासकट जुळवलेले असतात. सपाट छिद्रांनी आकडे बिघडलेली विमानं या मंडळींत भरपूर. मग त्या सुंदर तुकड्याशेजारी पत्र्याची चिपटी चिकटवून तोच फुगवटा परत आणावा लागतो. ते काम मात्र तो कोणी बघत नसताना करतो.

छिद्रं बदलूनही सात-आठ नॉट तसेच राहिले, की गळतीची तपासणी. एका बाजूच्या छिद्रावर चिकटपट्टी, दुसऱ्याला नळी आणि मोठी सिरिंज. दट्ट्या अगदी हळू ओढायचा. तोंडानं शोषायचं नाही, फुंकायचं तर मुळीच नाही, नाहीतर नाजूक मीटरं कायमची जातात. उंचीचा काटा 1000 फूट चढला की थांबायचं आणि घड्याळ बघायचं. मिनिटाभरात 100 फुटांहून अधिक उतरता कामा नये. समोरची नळी मोकळी राहिली असेल तर याच वेळी, चाकांखाली लाकडी ठोकळे असलेलं विमान हँगरमध्ये 150 नॉट वेग दाखवतं. त्या आकड्याकडेही तो क्षणभर कौतुकानं बघतो.

काटा धाडकन खाली येतो. पॅनेलखाली डोकं घालून, पाय बाहेर लोंबकळत, तासाभरानं शोध लागतो: रेडिओ बसवताना यानंच कोपरानं ढकललेली, टी-जोडातून अर्धी सुटलेली नळी.

एक गोष्ट मात्र तो कधीच विसरत नाही. विमान धुताना छिद्रांवर लावलेली पट्टी काढायची. 1996 मध्ये एरोपेरूच्या बोइंग 757 वर ती तशीच राहिली आणि 70 माणसं गेली. याची पट्टी भडक केशरी असते, आणि तिच्यावर लाल फीत लोंबत असते.

दुरुस्तीनंतर त्याचं विमान इतरांइतक्याच वेगानं उडतं. जुलैअखेर ओशकोशच्या विमानमेळ्यात तो खुर्ची टाकून पंखाच्या सावलीत बसलेला दिसेल. जरूर बोला. रंग विचारा, इंजिन विचारा, किती वर्षं लागली तेही विचारा. वेग तेवढा विचारू नका. तो अजून जुनाच आकडा सांगतो.