टूथपेस्टनं घासा!

उसाचा हंगाम लागला की साताऱ्यापासून सांगलीपर्यंत मोटारीच्या दाराला चरा पडायचाच. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला मागं टाकताना बाहेर आलेला एखादा ऊस दारावर सही करून जातो. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही नसतो, त्याचं गाणं जोरात चालू असतं.

आमचे भावजी गॅरेजला जात नाहीत. दात घासून उरते ती टूथपेस्ट कशासाठी? मी म्हटलं, आधी चऱ्यावर नख फिरवा. नख अडकलं नाही तर चरा वरच्या पारदर्शक थरात आहे, पॉलिशनं जाईल. अडकलं तर रंग भरावा लागेल, पत्रा दिसला तर आधी प्रायमर. पेस्ट चरा बुजवत नाही, आजूबाजूचा थर झिजवते, आणि तो थर असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक.

भावजींना पटलं. पेस्ट ठेवली आणि पॉलिश पेपर आणला. तो हवा २००० नंबरचा, पाण्यात भिजवून वापरायचा. यांनी भिंतीसाठी आणलेला ८० चा, तोही कोरडा.

चरा गेला. तिथं आता ताटलीएवढा पांढरट डाग आहे, आणि त्यावर सांगलीच्या गणपतीचा स्टिकर.