अपडेट पाठवणाऱ्या साहेबांस, मुक्काम खर्ड्याहून

प्रति,
मा. अपडेट पाठवणारे साहेब,
फोन कंपनी (नाव लिहीत नाही, ते डब्यावर मोठ्या अक्षरांत आहेच),
यांस खर्डा, तालुका जामखेड, जिल्हा अहिल्यानगर येथील एका ग्राहकाचा सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आपण पाठवलेलं अपडेट आलं. आलं म्हणजे दारापर्यंत आलं, आत यायला तयार नाही. 'नवीन सिस्टीम अपडेट उपलब्ध आहे' ही आपली चिठ्ठी रोज पडद्यावर झळकते. 'नंतर' दाबलं की जाते आणि जेवायला बसलं की परत येते. 'आता इन्स्टॉल करा' दाबलं की थोडा वेळ एक निळी रेघ सरकते आणि मग आपण कळवता, 'इन्स्टॉल करता आलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.' का करता आलं नाही, हे विचारण्याची सोय आपण ठेवलेली नाही. कदाचित सुरक्षेच्या कारणास्तव असेल.

तरी आपल्या सूचनांचं पालन आम्ही केलं नाही असं नाही. एकेक सांगतो.

आपली पहिली अट बॅटरी निम्म्याच्या वर असावी ही. रास्त आहे. अपडेट अर्ध्यात असताना फोन बंद पडला तर तो कायमचा झोपू शकतो, हे आम्हाला कळतं. म्हणून चार्जरला लावून अपडेट करायचं. एवढीच विनंती की खर्ड्यात लाईट कधी जाणार याची पूर्वसूचना आम्हालाही नसते, तेव्हा आपल्याला ती देता येत नाही.

दुसरी अट वायफाय. साहेब, आमचं वायफाय म्हणजे शेजारच्या फोनचा हॉटस्पॉट. आपलं अपडेट सव्वादोन जीबीच्या घरातलं आणि त्या फोनचा पॅक दिवसाला दीड जीबीचा. दीड जीबी संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. हिशोब करून पाहिला. उरलेले साडेसातशे एमबी त्या वेगाने उतरायला सलग सव्वीस तास लागतात. तोवर रात्रीचे बारा वाजून नवा दीड जीबी सुरू झालेला असतो, म्हणजे माणसाने मध्यरात्रीपर्यंत जागावं, तेवढंच शहाणपणाचं. खर्ड्याच्या किल्ल्याशेजारी २०२१ मध्ये ७४ मीटर उंचीवर भगवा ध्वज उभारला गेला; तेवढ्या उंचीवर चढता आलं तर रेंजचीही सोय झाली असती. आणि मध्येच रेंज गेली तर उतरवलेली फाईल अर्धवट राहते, आपली तपासणी तिला नापास करते आणि गाडी पुन्हा शून्यावरून सुटते. फाईल तपासता हे चांगलंच आहे. नापास झाली म्हणून तेवढं सांगितलं असतं, तरी चाललं असतं.

तिसरी अट जागेची. खरं दुखणं इथे आहे, म्हणून इथे जरा बसू.

डब्यावर लिहिलं होतं ३२ जीबी. त्यातले दहा-बारा आपल्या सिस्टीमने पहिल्या दिवशीच घेतले. त्यावर आपण काही अ‍ॅप प्रेमाने आधीच बसवून दिलीत. त्यांत एक खेळांचं दुकान आहे, एक बातम्यांचं, आणि एक नेमकं कशाचं ते आजवर कळलेलं नाही. ती काढता येत नाहीत, फार तर 'अक्षम' करता येतात. राहिलेल्या जागेत आमचा संसार. आता आपण म्हणता, अपडेटला पाच जीबी मोकळे करा. सव्वादोनच्या अपडेटला पाच कशाला? तर फाईल उतरवायला एवढी, ती उलगडायला तेवढी आणि जुनं काढून नवं बसवताना वळायला थोडी. मान्य.

मग आम्ही साफसफाईला बसलो. डाऊनलोडच्या फोल्डरमध्ये सातबारा सापडला. मग सातबारा (१), सातबारा (२), असं करत सातबारा (९) पर्यंत. दरवेळी सेवा केंद्रातला मुलगा म्हणाला, 'व्हॉट्सअ‍ॅपवर टाका', आणि दरवेळी फोनने नवी प्रत ठेवून घेतली. आधार कार्डाची तीच गत. कांद्याच्या पट्ट्यांचे फोटो निघाले. सोसायटीच्या पावतीचे निघाले, एकाच पावतीचे, कारण पहिले तीन हलले होते. सप्त्यातल्या काल्याच्या कीर्तनाचा व्हिडिओ तीन जणांनी पाठवलेला, तिन्ही वेळा जसाच्या तसा ठेवलेला. शिवाय आम्ही जे फोटो पुढे पाठवले, त्यांचीही एकेक प्रत व्हॉट्सअ‍ॅपच्या 'सेंट' नावाच्या फोल्डरात वेगळी बसलेली. तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. हे सगळं निवडून पुसलं, आणि जागा वाढली नाही. एका एमबीनेही नाही. का? कारण पुसलेले फोटो पुसले जातच नाहीत. ते गॅलरीच्या कचरापेटीत जातात आणि महिना-महिना तिथेच जागा अडवून राहतात. ती पेटी वेगळी रिकामी करावी लागते. 'जागा अपुरी आहे' असं बजावताना एवढं एक वाक्य जोडलं असतं, तर आपल्या अपडेटचं वजन किती वाढलं असतं हो?

बाकीचे उपाय झटपट सांगतो, कारण ते झटपट होतात. फोन बंद करून पुन्हा चालू केला. तारीख-वेळ 'आपोआप' वर आहे ना ते पाहिलं. घड्याळ चुकलेलं असलं की आपला सर्व्हर ओळख देत नाही. उतरवलेली जुनी फाईल काढून नव्याने उतरवली. मेमरी कार्ड काढून ठेवलं. बटणं दाबून धरून रिकव्हरीत जाऊन कॅशे पुसला. तिथे 'कॅशे पुसा' आणि 'सगळा डेटा पुसा' या दोन ओळी एकीखाली एक लावण्याची कल्पना ज्यांची, त्यांना आमचा वेगळा नमस्कार कळवा.

स्टँडजवळच्या दुकानदाराने फोन हातात घेऊन उलटसुलट केला आणि निदान सांगितलं, 'सॉफ्टवेअर मारावं लागेल.' त्याचं खोटं नाही, त्याचा तो धंदा आहे. पण कुठून तरी आणलेली फाईल मारली आणि त्यासाठी फोनचं कुलूप तोडलं, की बँकेची अ‍ॅप त्या फोनला दारात उभं करत नाहीत. पैसे पाठवायचा फोन मग गाणी ऐकण्यापुरता उरतो. तेव्हा त्याला चहा पाजला आणि फोन परत घेतला.

आता आपल्या अटी-शर्तींविषयी. अपडेटआधी आपण एक लांबलचक मजकूर दाखवता आणि खाली एकच बटण ठेवता, 'मी सहमत आहे'. साहेब, आपण कोणत्या गावाला हे पाठवता याची कल्पना असावी. ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामअलीला इथे लढाईत हरवलं. तो खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला, पाणी तुटलं, आणि मग तह झाला. तहात तीन कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला आणि मोठा मुलूख अशा अटी होत्या. वर त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करायचा होता. तहानेने घसा कोरडा पडलेल्या निजामालाही अटी वाचायला, घासाघीस करायला वकील पाठवता आला. आम्हाला तेवढीही सवलत नाही. पुढची गंमत अशी की त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीचा घोळ झाला आणि १७९६ मध्ये नाना फडणवीसांनी स्वतःची बाजू सावरण्यासाठी निजामाला बरंचसं परत सोडलं. म्हणजे खर्ड्याचा तहसुद्धा मागे घेता आला. आपलं अपडेट एकदा बसलं, फोन रांगायला लागला आणि जुनी आवृत्ती परत मागितली, तर बहुतेक फोन ती घेतच नाहीत.

रांगणं म्हणजे काय हे आमच्या भागातल्या अंगणवाडी सेविकांना विचारा. किंवा राज्यातल्या कुठल्याही. २०१९ मध्ये पोषण अभियानात महाराष्ट्रातल्या एक लाखाहून अधिक सेविकांना सरकारी फोन मिळाले. रॅम दोन जीबी. मार्च २०२१ मध्ये केंद्राचं पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं आणि बालकांची वजनं, उंची, गरोदर बायकांच्या नोंदी, आहारवाटप, सगळं त्यात भरण्याचा आदेश निघाला. अ‍ॅप तेव्हा इंग्रजीत. फोन तापायचा, हँग व्हायचा, जागा संपायची आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या मानधनातून जायचा. वरून नोटीस, की माहिती का भरली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी काय केलं? ना कॅशे पुसला, ना कचरापेटी रिकामी केली. ठिकठिकाणी मोर्चे काढून प्रकल्प कार्यालयांत फोन परत केले. टेबलावर फोनांचे ढीग लागले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच. फोनदुरुस्तीचे जेवढे उपाय मी वाचले, त्यांत इतका अचूक दुसरा सापडला नाही. बिघाड वापरणाऱ्याच्या हातात नसून फोन निवडणाऱ्याच्या टेबलावर आहे हे त्यांनी ओळखलं आणि बिघाड त्याच टेबलावर नेऊन ठेवला.

आपल्या संदेशांची भाषा नेमकी याच्या उलटी. *तुमची* बॅटरी कमी आहे. *तुमच्या* फोनमध्ये जागा नाही. *तुमचं* नेटवर्क तपासा. 'आमचं अपडेट आम्हीच विकलेल्या फोनात मावत नाही', असा संदेश मी अजून पाहिलेला नाही. वास्तविक फोन विकला त्या दिवशी सिस्टीम किती फुगत जाणार याचा अंदाज आमच्यापेक्षा आपल्यालाच जास्त होता. जुन्यावर नवं लिहिण्याऐवजी दुसऱ्या कप्प्यात गुपचूप अपडेट बसवायची आणि बिघडलं तर जुन्यावर परत जायची सोय अँड्रॉइडमध्ये २०१६ साली सातव्या आवृत्तीबरोबर आली. पण त्या कप्प्याला जागा लागते म्हणून कित्येक फोनांत तो दिलाच गेला नाही. जागा कोणाची वाचली आणि रात्री कोणाच्या गेल्या, हे आपण जाणता.

शेतातली गोष्ट वेगळीच. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने आपल्या रानात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. चांगली योजना आहे, मी तिच्या बाजूचा आहे. पण उडदाच्या रानात उभं राहिल्यावर अ‍ॅप म्हणतं नवी आवृत्ती घ्या, प्ले स्टोअर म्हणतं तुमचा फोन या आवृत्तीला चालत नाही, आणि सिस्टीम अपडेट म्हणतं जागा नाही. तिघेही आपापल्या जागी बरोबर. उडीद तेवढा नोंदीविना उभा. पुढे नुकसानभरपाईचा किंवा विम्याचा प्रश्न आला की सातबाऱ्यावरचा तो रिकामा रकाना आपल्या कंपनीकडे कोणी मागायला जात नाही.

आपल्या जातभाईंना कुठे जाब विचारला जातच नाही, असं मात्र समजू नका. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अपडेटमुळे जुने फोन मंदावले म्हणून अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. सॅमसंगवर ठपका असा की नोट-४ वाल्यांना ज्या अपडेटसाठी आग्रह धरला, ते नव्या नोट-७ च्या बेताने केलेलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने अ‍ॅपलला अडीच कोटी युरोंचा दंड लावला. अपडेटने फोन मंद होऊ शकतो हे गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, एवढ्याच मुद्द्यावर. आणि २० जून २०२५ पासून युरोपीय संघात नियमच आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट मिळालं पाहिजे. तिकडे जमतं, म्हणजे आपल्याला येत नाही असा प्रश्न नाही.

घरात दुसरा एक फोन आहे, आपल्याच कंपनीचा, थोडा जुना. त्याची कधी तक्रार नसते. सेटिंग्ज उघडून 'अपडेट तपासा' म्हटलं की हिरवी खूण येते: 'तुमची सिस्टीम अद्ययावत आहे.' त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत सुरक्षा पॅचची तारीख दिसते. ती दोन वर्षांपूर्वीची आहे. ज्या फोनवरून गॅसची नोंदणी होते, पेन्शनचा ओटीपी येतो, त्याच्या दाराच्या कड्या दोन वर्षांत कोणी तपासलेल्या नाहीत आणि आपण हिरवी खूण दाखवून मोकळे. पहिल्या फोनाचं अपडेट बसत नाही म्हणून मी एवढं भांडतोय. पण खरा राग साहेब, या हिरव्या खुणेचा आहे. अपडेट संपलं असेल तर संपलं म्हणा. निदान माणूस त्या फोनवर बँकेचा व्यवहार करणार नाही.

तेव्हा मागणं थोडकं आहे. अपडेट बसत नसेल तर कारण मराठीत, एका वाक्यात सांगा. आपण बसवलेली नको ती अ‍ॅप काढू द्या, म्हणजे आम्हाला सातबारा पुसत बसावं लागणार नाही. आणि डब्यावर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल छापता त्याच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात, शेवटचं अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार ते छापा.

वाचकहो, साहेब हे छापेपर्यंत दुकानात गेल्यावर रंग पाहण्याआधी दुकानदाराला तेवढं साल विचारा, आणि ते बिलावर लिहून मागा.

कळावे,
आपला (दुसरा पर्याय नसल्याने),
खर्ड्यातील एक ग्राहक