दाजींचा बर्फ

आमचे दाजी गेली चार वर्षं पोरांना बर्फात नेतायत. अजून पुण्याच्या पुढं गेलेले नाहीत, पण नेतायत.

दर सणाला ताई आणि दोन पोरांना घेऊन ते भोरला येतात. चहाचा कप खाली ठेवला, की लॅपटॉप उघडतो. त्यात एक तक्ता आहे. आडव्या ओळींत गुलमर्ग, औली, सोलंग. उभ्या रकान्यांत विमानतळापासूनचे तास, उतार किती अंशाचा, लहान मापाचे बूट भाड्यानं मिळतात का, खोलीपासून बर्फ किती पावलं, गरम भात, रस्त्यात उलटी, आणि सगळ्यात शेवटी नुसतंच ‘शू’. या रकान्याला मी आधी हसलो होतो. पण चार वर्षांच्या पोराला कपड्यांचे चार थर, वर फुगीर जॅकेट आणि पायात ते घोड्याच्या खुरासारखे बूट असं सगळं चढवून झालं, की त्याला नेमकी त्याच क्षणी शू लागते. हे दाजींनी न जाता ओळखलं. माणूस अभ्यासू आहे, यात वाद नाही.

आईला ते सगळं आपल्या भागातल्या मापानं समजावतात.

“आई, आपला तोरणा 1403 मीटर. गुलमर्ग 2650. म्हणजे तोरण्याच्या डोक्यावर जवळजवळ दुसरा तोरणा ठेवायचा.”

“एवढ्या उंचावर लेकरांना नेऊन करायचं काय, जावईबापू?”

“घसरायचं.”

आई भाजी निवडायची थांबली. “घसरायला एवढं चढायचं?”

मग गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, येतो. त्याचे टप्पे दोन. दुसरा अफरवटच्या अंगावर, चार हजार मीटरच्या जवळ नेऊन सोडतो. तिथं हवा विरळ आणि उतार पट्टीच्या लोकांचे. पोरांचं तिथं काही काम नाही, यावर दाजी ठाम. लहानांनी खालीच, वाटीसारख्या मैदानातल्या मऊ उतारावर पडायला शिकावं. “पडायला?” असं मी विचारलं, तर म्हणाले, “मेव्हणे, आधी पडायलाच शिकवतात.” औलीचे उतार त्यांना मनापासून आवडतात, पण ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत अडीचशे किलोमीटरचा घाट, आणि आमचा धाकटा भाचा वरंधा घाटात वाघजाईची भजी दिसायच्या आत दोनदा ओकतो. सोलंगला बर्फ कमी पडला तर अटल बोगद्यातून पलीकडं जाता येतं. पण तो बोगदा नऊ किलोमीटरचा आणि हे पोर कात्रजच्या बोगद्यातच डोळे गच्च मिटून घेतं. रकान्यात लाल खूण.

आता कुणाला वाटेल, बिचाऱ्याचं जाणं होत नाही. बिचारा कसला! या जातीच्या माणसाचं खरं सुख न जाण्यात असतं. 2023 च्या जानेवारीत जोशीमठच्या घरांना तडे गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा दाजींना त्या लोकांचं मनापासून वाईट वाटलं. पण हळहळून झाल्यावर ते हळूच म्हणाले, “नशीब, आपण बुक केलं नव्हतं.” पुढच्या जानेवारीत गुलमर्गला बर्फच पडेना. संक्रांतीला आले ते मोबाइल नाचवतच आले. फोटोत पिवळं पडलेलं गवत, त्यात एक कंटाळलेलं तट्टू, आणि मागं गोंडोल्याचे रिकामे खांब. “बुक केलं असतं तर?” असं त्यांनी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारलं. न केलेल्या बुकिंगचा एवढा नफा मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिला नाही.

आईनं चष्मा लावून फोटो पाहिला. “हे रायरेश्वराचं पठार ना रे?”

त्या रविवारी आम्ही रायरेश्वराला गेलो. कोर्ल्याच्या पुढं खिंडीपर्यंत गाडी, मग पायऱ्या, मग ती लोखंडी शिडी. शिडीवर दाजींच्या पाठीला धाकटा, पोटाला सॅक आणि सॅकमध्ये मोज्यांचे तीन जोड. 1645 साली शिवरायांनी मूठभर मावळ्यांसह इथं स्वराज्याची शपथ घेतली, असं आम्ही शाळेपासून ऐकत आलोय. दाजी तेवढ्या वेळात देवळापुढं हात जोडून, ‘काय करावं’ एवढंच विचारत उभे होते.

पठारावर वाळलेल्या गवताचा एक उतार आहे. तिथं दहा-बारा वर्षांचा एक पोरगा खताचं रिकामं पोतं घेऊन बसलेला. तो पोत्यावर बसला, पाय पुढं घेतले आणि सर्रकन खाली. भाचे आमच्या हातात थांबले नाहीत.

“दहा रुपये एका घसरगुंडीला,” पोरगा म्हणाला. “आणि पोतं मी वर आणायचं तर पाच वेगळे.”

“लिफ्टचे वेगळे घेतो,” दाजी माझ्या कानात कौतुकानं कुजबुजले. मग त्यांनी मोबाइल गवतावर आडवा ठेवून उतार मोजला. नऊ अंश. “नवशिक्यांचा आहे,” असा निर्वाळा देऊन त्यांनी पोराला विचारलं, “शिकायला वय किती लागतं रे?”

“काय शिकायला?”

“हेच. घसरायला.”

पोरगा जरा वेळ त्यांच्याकडं बघत राहिला. “काका, बसायचं. पुढचं ते पोतं बघतं.”

थोरल्याची चड्डी अकराव्या फेरीला फाटली. धाकट्याला फाटायच्या आत उठवला, तर त्यानं भोंगा पसरला तो शिडीपर्यंत. ताईनं हिशेब केला: दोनशे पंचाहत्तर रुपये आणि एक चड्डी. पोरगा सुट्टे नाहीत म्हणाला, म्हणून तीनशे.

रात्री दाजींनी तक्त्यात नवी ओळ घातली. रायरेश्वर. विमानतळ: नको. बूट: नकोत. गरम भात: वर पिठलं-भाकरी. ‘शू’च्या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, ‘देऊळ सोडून कुठंही’.

“बाबा, पुढच्या रविवारी परत?” थोरल्यानं अंथरुणातून विचारलं.

“एवढ्यात ठरवायला नको,” दाजी पुढची ओळ उघडत म्हणाले. “वेल्ह्याकडं केळदचं पठार बघायचं राहिलंय.”