घरच्या घरी ओहम

घरातल्या विजेचा हिशेब मांडायला तीन गोष्टी लागतात: व्होल्टेज, अँपिअर आणि निवृत्त नवरा. पहिल्या दोन हाताशी नसल्या तरी बिघडत नाही, तिसरा त्या शोधून आणतो.

नियम पहिला. व्होल्टेजला अँपिअरने भागलं की रोध येतो, ओहममध्ये. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती येते, वॉटमध्ये. सूत्रं एवढीच आहेत. ज्यांना ती पाठ आहेत त्यांनी पानावर बसल्यावर म्हणून दाखवू नयेत.

नियम दुसरा. सुरुवात गिझरपासून करावी. एक तर त्याचा हिशेब सरळ असतो, आणि दुसरं म्हणजे आत आंघोळीला दुसरंच कुणीतरी असतं. गिझरवर 2000 वॉट, 230 व्होल्ट असं छापलेलं असतं. 2000 भागिले 230, म्हणजे 8.7 अँपिअर. म्हणून तर त्याला जाड पिनांचा, 16 अँपिअरचा सॉकेट लागतो. 6 अँपिअरच्या बारक्या सॉकेटातून जुगाड करून तो चालवला की आधी बोर्ड पिवळा पडतो, मग काळा, मग वायरमनला फोन. आता 230 ला 8.7 ने भागा: साधारण 26 ओहम. हा आकडा कळल्याने पाणी लवकर तापतं असं माझ्या पाहण्यात नाही, पण ह्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं.

गावच्या घरी संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येतं. व्होल्टेज बावीस टक्क्यांनी उतरलं, म्हणजे गिझरही तेवढाच मंदावला, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. व्होल्टेज उतरलं की त्याच 26 ओहमातून अँपिअरही कमीच जातात, आणि वॉट म्हणजे दोन्हींचा गुणाकार. त्यामुळे 2000 चे 1225 च उरतात. हे सगळं ह्यांनी न्हाणीघराच्या दारात उभं राहून, खांद्यावर टॉवेल टाकून सासूबाईंना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बंबात दोन लाकडं सार रे आधी."

नियम तिसरा. मल्टिमीटर विकत आणू नये. आणलाच तर ओहमच्या खुणेवर ठेवून चालू सॉकेटात कांड्या खुपसू नयेत. रोध मोजायचा तो वस्तूची पिन काढूनच. ह्यांनी माळ्यावरचा जुना 100 वॉटचा पिवळा बल्ब मोजायला घेतला. गणिताने 529 ओहम यायला हवे होते, मीटर जेमतेम चाळीस दाखवी. दुकानदाराने फसवलं इथपासून देशाचं कसं होणार इथपर्यंत सगळं झालं. मीटर बिचारा बरोबर होता. बल्बची तार टंगस्टनची. पेटल्यावर ती अडीच हजार अंशांच्या आसपास जाते आणि तेव्हा कुठे तिचा रोध पाचशेवर चढतो. थंड असताना तो दहा-पंधरा पटींनी कमी असतो. म्हणून बटण दाबल्या क्षणी करंटचा लोंढा येतो, आणि जुने बल्ब बहुधा लावतानाच उडायचे. ज्या गेओर्ग ओहम यांच्या नावाने हे चाललंय ते स्वतः शाळामास्तर. 1827 साली पुस्तक काढलं तर त्यांच्याच देशात कुणी फारसं विचारलं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते 1841 साली. ह्यांना हा इतिहास फार आवडतो. घरात कदर होत नाही, एवढाच त्यातला भाग ते घेतात.

नियम चौथा. चिमट्याचा मीटर एकाच वायरीभोवती लावावा. ह्यांनी इस्त्रीच्या अख्ख्या कॉर्डला चिमटा लावला, शून्य आलं, आणि आपली इस्त्री वीजच खात नाही असं जाहीर केलं. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतो, आणि दोन्ही वायरी चिमट्यात असल्या की एकमेकांना खोडतात. हे मी सांगितलं नाही. त्या आठवड्यात कपडे छान इस्त्री होऊन मिळत होते.

नियम पाचवा. पंखा, मिक्सर, फ्रीज यांना साधा भागाकार लावू नये. मोटर आली की व्होल्ट गुणिले अँपिअर हे खऱ्या वॉटपेक्षा जास्तच भरतं. पॉवर फॅक्टरचा विषय दुपारी काढू नये.

नियम सहावा, आणि खरी गोम इथे आहे. बिल वॉटवर येत नाही, वॉट गुणिले तासांवर येतं. हजार वॉट एक तास चालले की एक युनिट. वॉट वस्तूवर छापलेले असतात. तास मात्र घरातला कर्ता माणूस भरतो. सुनेचा गिझर पंधरा मिनिटं चालला, म्हणजे अर्धं युनिट. ते वहीत तारीखवार आहे. ह्यांचा 100 वॉटचा टीव्ही संध्याकाळच्या बातम्यांपासून रात्रीच्या चर्चेपर्यंत पाच तास चालतो. 100 गुणिले 5. तेही बरोबर अर्धंच युनिट, पण वहीत नाही. मी पेन्सिलीने भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर नोंद शाईने पक्की केलेली, पुढे कंसात "बातम्या, सर्वांसाठी", आणि ते अर्धं युनिट घरातल्या चार माणसांत समान भागलेलं.