बिअर नको, उत्तर द्या

अमेरिकेतल्या पोर्टलंड थॉर्न्स या महिला फुटबॉल क्लबची माया काय वर्णावी! 2015 मध्ये माना शिम या खेळाडूने प्रशिक्षक पॉल रायलींविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. क्लबने चौकशी केली, रायलींना नारळ दिला आणि वर जाहीर आभारही मानले. काही महिन्यांतच स्वारी त्याच लीगमधल्या दुसऱ्या संघात रुजू. 2021 मध्ये सगळं छापून आलं (रायलींनी बहुतेक आरोप नाकारले), तेव्हा कुठे लीगला जाग आली.

पंचाईत झाली चाहत्यांची. मालकाच्या नावाने शंख करायचा, पण पोरींना मैदानात एकटं कसं सोडायचं? मग तोडगा निघाला. सामन्याला जायचं, सहाव्या मिनिटाला खेळाडू निषेध म्हणून थांबल्या की त्यांना साथ द्यायची. मात्र स्टेडियमातली बिअर, खाणं, स्कार्फ यांना हात लावायचा नाही. निर्जळी निष्ठा! हसा खुशाल, पण तक्रार ऐकू न येणाऱ्या कानांना गल्ल्याची शांतता बरोब्बर ऐकू जाते.

अखेर 2024 मध्ये मालकांनी संघ विकला, 6 कोटी 30 लाख डॉलरला. असली शिक्षा आम्हालाही कुणीतरी ठोठावा हो!