व्हिएन्ना काठावर पास

लंडनची 'इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट' ही संस्था दरवर्षी जगातल्या 173 शहरांना राहण्याजोगेपणाचे गुण देते. स्थैर्य, आरोग्य, शिक्षण, संस्कृती-पर्यावरण, पायाभूत सोयी असे पाच विषय, त्यांत 30 उपविषय. आमच्या टूरच्या बसने हेच काम व्हिएन्नात दोन स्वच्छतागृहांच्या मधल्या वेळात उरकलं.

2022 पासून सलग तीन वर्षं त्या यादीत व्हिएन्ना पहिली होती. 2025 मध्ये कोपनहेगनने तिला मागे टाकलं. आमच्या यादीत ती बसमधून उतरल्या उतरल्याच घसरली. स्वच्छतागृहाला पन्नास सेंट पडतात हे कळताच मागच्या सीटवरच्या काकांनी त्याचे रुपये केले, आणि पायाभूत सोयींचा निकाल लागला. पाण्याचंही तेच. 1873 पासून या शहराच्या नळांना आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतंय, तेच बाटलीत भरा, असं गाइड घसा कोरडा करून सांगत होता. पण नळाचं पाणी बाधतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. काकूंनी दुकानातून बाटली घेतली आणि 'पाणी फार महाग' असा शेरा मारला.

शनिवारी हॉर्न नाही, आरडाओरडा नाही. "काय शांतता! म्हातारपण काढावं तर इथे!" रविवारी चॉकलेटं घ्यायला निघालो तर बाजारपेठ बंद. तिथे कायद्यानेच बहुतेक दुकानं रविवारी उघडत नाहीत. "माणसं राहतात तरी कशी? नुसती स्मशानकळा!" एका रात्रीत झालेली ही उलथापालथ लंडनवाल्यांच्या कुठल्या उपविषयात बसते कोण जाणे.

शॉनब्रुन राजवाड्यात 1,441 खोल्या आहेत म्हटल्यावर एका वहिनींनी विचारलं, "केर-फरशीला बाई मिळते का?" संपूर्ण सहलीतला सर्वांत शास्त्रशुद्ध प्रश्न मला हाच वाटला.

पुढे एक किलोमीटरभर लांबीची इमारत लागली. कार्ल मार्क्स होफ, 1930 साली नगरपालिकेने कामगारांसाठी बांधलेली. गाइड रंगात आला. निम्मं शहर अशा पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतं, म्हणून भाडी आवाक्यात राहिली, वगैरे. "म्हाडा बघायला व्हिसा काढला होय?" काका म्हणाले, आणि बस झोपली.

संध्याकाळी काकांचा तिथे नोकरी करणारा भाचा भेटायला आला. पत्ता बदलला की तीन दिवसांत सरकारी नोंदणी, डिसेंबरात चारलाच अंधार, शनिवारी दूध आणायचं राहिलं तर रविवारी कोरा चहा, असं काहीबाही तो सांगू लागला. "अरे, तू इथे राहतोस, तुला काय कळणार!" काकांनी त्याला गप्प केलं. "आम्ही फिरून पाहिलंय. ते सोड, फ्लॅट केवढ्याचा घेतलास?"

"भाड्याचा आहे, मामा. इथे बहुतेक लोक भाड्यानेच राहतात."

"म्हणजे अजून स्वतःचं घर नाही?" काकू हळहळल्या. "मुलगी कोण देणार रे तुला?"

काकांनी वही उघडली आणि शिल्लक होते तेही गुण कापले.