सूड घ्यायला शिका (फक्त नवशिक्यांसाठी)

अभिनंदन! तुमचा अपमान झालेला आहे. पुतणीच्या लग्नपत्रिकेत ‘आपले नम्र’च्या खाली तुमचं नाव धाकट्या भावाच्या नंतर छापलं गेलं. किंवा सोसायटीच्या सभेत तुमच्या पार्किंगचा प्रश्न ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये ढकलला गेला आणि तोवर सगळे वडापाव खायला उठले होते. कारण फारच किरकोळ आहे असं वाटून खचून जाऊ नये. कारण वाढवता येतं. रोज झोपण्यापूर्वी अर्धा तास ते आठवावं, कूस बदलावी, पुन्हा आठवावं. दोन-तीन महिन्यांत त्याला चांगला आकार येतो.

आता थोडी परिभाषा, कारण चुकीचा शब्द वापरला की लोक तुम्हाला गंभीरपणे घेत नाहीत. ‘बघून घेईन’ हे अगदी बालवर्गातलं. असं म्हणणारा माणूस पुढे काहीही बघत नाही, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ‘खुन्नस’ कट्ट्यावर देतात. तिला भांडवल लागत नाही, एक नजर पुरते. ‘वचपा’ आता क्रिकेटच्या बातम्यांनी ताब्यात घेतला आहे, त्याला हात लावू नका. ‘उट्टं काढणं’ घरगुती वापरासाठी उत्तम: जावेने हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तुम्ही तिला डोहाळजेवणाला बोलावलं आणि दारातच विचारलंत, “अगं, तू कशी काय आलीस?” झालं. ‘जिरवणं’ मात्र निवडणुकीच्या राजकारणातलं आहे. जिरवणाऱ्याला स्वतःचा फायदा नको असतो. आपलं डिपॉझिट जप्त झालं तरी चालेल, पण त्याचा उमेदवार पडला पाहिजे, अशी ती निःस्वार्थ वृत्ती आहे.

याच्या वर ‘डूख’. हिचा मान मोठा, कारण डूख धरायला वर्षं लागतात. नागाला चेहरे लक्षात राहत नाहीत, असं सर्पमित्र गावोगावच्या शाळांतून सांगतात आणि मुलांना ते पटतंही. ती पोरं घरी गेली की आजोबा त्यांना सांगतात, समोरच्या वाड्यातल्यांच्या ओट्यावर बसायचं नाही. का? १९७२च्या दुष्काळात त्यांनी आपल्याला विहिरीवर येऊ दिलं नव्हतं.

साहित्य फार लागत नाही. एक वही हवी. आपल्याकडे ती घरोघरी असतेच, तिला आहेराची वही म्हणतात. कुणी किती दिले, पाकीट होतं की स्टीलचा डबा, डबा आपणच त्यांना दिलेला होता का, हे सगळं तिच्यात सापडतं. तिच्यातच मागच्या बाजूला अपमानांसाठी चार पानं राखून ठेवली की भागतं.

अभ्यासाला एकच ग्रंथ पुरे. महाभारत. त्यातही कौरव-पांडवांची मुख्य भानगड बाजूला ठेवा, ती सगळ्यांना पाठ असते. द्रुपदाचं प्रकरण घ्या. लहानपणीचा मित्र द्रोण मदत मागायला आला. राजा झालेला द्रुपद म्हणाला, मैत्री बरोबरीच्यांत होते. एवढंच. द्रोणांनी जागच्या जागी काही केलं नाही (हे टिपून घ्या). हस्तिनापुरात नोकरी धरली, राजपुत्र शिकवून तयार केले आणि गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणवलं, अर्धं राज्य काढून घेतलं. द्रुपदाने मग द्रोणांना मारणारा मुलगा व्हावा म्हणून यज्ञ केला. त्यातून निघालेल्या धृष्टद्युम्नाने युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोणांचं डोकं उडवलं. अठरावा दिवस संपला त्या रात्री द्रोणांच्या मुलाने, अश्वत्थाम्याने, छावणीत शिरून धृष्टद्युम्नाला ठार केलं आणि द्रौपदीचे झोपलेले पाचही मुलगे कापले. मग अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी गेला आणि तीन हजार वर्षं वणवण भटकण्याचा शाप मिळाला. सुरुवातीचं वाक्य विसरला असाल तर पुन्हा वाचा.

प्रात्यक्षिक पाहायचं असेल तर नंदुरबार जिल्ह्यात अस्तंब्याच्या डोंगरावर जा. दिवाळीत तिथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते, आदिवासी भाविक चढण चढून जातात. जखमेवर लावायला तो अजून तेल मागत फिरतो, अशी सातपुड्यात श्रद्धा आहे. यशस्वी सूडानंतरचा कार्यक्रम काय असतो, याची इतकी स्पष्ट माहिती दुसऱ्या कुठल्याही पुस्तिकेत दिलेली नाही.

आणखी एक. ही सगळी कथा वैशंपायनांनी सांगितली ती जनमेजयाच्या सर्पसत्रात. तक्षकाने बाप मारला म्हणून जनमेजय जगातले सगळे साप जाळायला निघाला होता. सूडाची एवढी लांबलचक गोष्ट ऐकणारा यजमान स्वतः सूडाच्याच कार्यक्रमात बसला होता! आस्तिकाने मध्ये पडून सत्र थांबवलं. व्यासांना विनोदबुद्धी नव्हती असं म्हणणाऱ्यांनी या मांडणीकडे एकदा पाहावं.

इतिहासातून एकच धडा घेऊ. १६९७ मध्ये सेनापती संताजी घोरपड्यांना म्हसवडच्या नागोजी मान्यांनी गाठून मारलं. संताजींनी अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिलं होतं आणि अमृतराव हे नागोजींच्या पत्नीचे भाऊ, असं इतिहासकार सांगतात. मेहुण्याचं उट्टं निघालं. औरंगजेबाला फौजा आणि खजिना ओतून जे साधलं नव्हतं, ते त्याच्या पदरात असं आयतं पडलं. तेव्हा सूड उगवण्यापूर्वी तिसरा कोण खूश होणार आहे, ते पाहून ठेवावं. नवशिके नेमकं हेच विसरतात.

तलवारी गेल्या, बांध राहिला. या विषयातलं खरं विद्यापीठ म्हणजे दोन भावांच्या शेतामधला बांध. प्रवेश सोपा आहे. नांगरटीच्या वेळी ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं, “जरा चिकटून घे.” शंभर मीटरचा बांध दरवर्षी दहा सेंटीमीटर कोरला, तर दहा वर्षांत शंभर चौरस मीटर, म्हणजे जेमतेम गुंठाभर जमीन मिळते. भावाच्या हे तिसऱ्या वर्षी लक्षात येतं. तो बांधावरची तुमची बाभूळ तोडतो. तुम्ही त्याची वाट अडवता. तो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे अर्ज करतो. तुम्ही पोलिसांत जाता. तिथे एनसी होते. तो तासाभराने जातो, त्याचीही होते. मग दोघांवर चॅप्टर केस होऊन शांतता राखण्याचा बाँड द्यायला एकाच एसटीतून, वेगवेगळ्या सीटवर बसून, तालुक्याला जावं लागतं.

पुढची पायरी मोजणी. पैसे भरायचे, तारीख मिळते, भूकरमापक मशीन घेऊन येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो आणि नंतर ‘क’ प्रत मिळते. ती ज्याच्या विरुद्ध जाते त्याला मान्य नसते. त्याच्यासाठी निमताना मोजणीची सोय आहे. तीही अमान्य असेल तर सुपर निमताना. ही नावं ऐकून हसू नका. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ती पोरासोरांनाही पाठ असतात. वकिलाची फी, मोजणीचे पैसे, एसटीचं भाडं आणि बुडालेले रोज एकत्र मांडले, तर तेवढ्या पैशांत शेजारच्या गावात कितीतरी गुंठे आले असते. पण हा हिशेब करणारा विद्यार्थी नापास समजावा.

सरकारचं धोरण या विद्येला पूर्वीपासून प्रतिकूल आहे. २००७च्या १५ ऑगस्टला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि भांडणं मिटवणाऱ्या गावांना चक्क बक्षिसं मिळू लागली. काही गावांत तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष कोण, यावरून तंटे झाले, तेवढाच काय तो दिलासा. २०२३ मध्ये सलोखा नावाची योजना आली. एकाच्या नावची शेतजमीन दुसरा आणि दुसऱ्याच्या नावची पहिला किमान बारा वर्षं कसत असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये. पंचनामा तलाठी करतो. दस्तावर सह्या मात्र दोघांच्याही लागतात.